हुजुरांचा मुजरा

ग्वाल्हेरच्या सराफा बाजारात एका बंद शटरवरून मी पहिला राजा सोलून काढला, तेव्हा शेजारच्या दुकानातला सराफ बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, आप तो पढ़ी-लिखी लगती हैं." मी म्हटलं, "लगती नहीं, हूँ," आणि बाटलीतलं पाणी शटरवर आणखी थोडं शिंपडलं. खळीनं चिकटवलेला कागद ओला झाला की अलगद सुटतो, हे मला त्या दिवशी कळलं. खरं तर मी नथीचा निसटलेला मोती बसवून घ्यायला गेले होते. तो तसाच पर्समध्ये परत आला.

कागदावर एक राजा होता. जरीची पगडी, टोकाला पीळ दिलेल्या मिशा, गळ्यात माळा, आणि बसलाय स्कूटरवर. समोर ट्रॅफिकचा हवालदार पावती फाडतोय. खाली लिहिलं होतं, "हेलमेट कहाँ है, हुज़ूर?" राजाला चेहराच नव्हता. वर पगडी, खाली मिशा, मध्ये कोरा कागद. मी भर बाजारात एकटी उभी राहून इतकी हसले की त्या सराफालाही शेवटी हसू आलं. म्हणाला, "ले जाइए, ले जाइए, हमारे ऊपर नाम न आए बस."

मी शाळेत इतिहास शिकवायची. सगळी नोकरी राजांच्या सनावळ्या घोकून घेण्यात गेली. कोण गादीवर बसला, कोणी कोणाला गादीवरून ओढलं, कोणाच्या किती राण्या. निवृत्त झाल्यावर जगाला हसायचा थोडा हक्क माझाही होता की नाही? तर मी राजे जमवायला लागले. साधेसुधे नाही, भिंतीवरचे.

हळूहळू चित्रं काढणारीचा पत्ता लागला. पडाव भागात, स्टेशनच्या बाजूला, लग्नपत्रिका छापायचं एक दुकान आहे. तिथे एक पोरगी काम करते. असेल पंचविशीची. दिवसभर ती गणपती आणि कलश छापते, आणि स्वतःच्या वेळात हुजूर छापते. जाळीच्या चौकटीवरून शाई ओढायची, एक रंग वाळला की दुसरा. त्यातला एक कागद ती शहरात कुठल्यातरी भिंतीवर लावून येते, आणि जाड कागदावरचे थोडे आमच्यासारख्या वेड्यांसाठी ठेवते. पहिल्या भेटीत तिनं मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "आंटी, आप पुलिस से तो नहीं?" मी म्हटलं, "मास्तरीण आहे. त्याहून वाईट." तिला मराठी कळलं नाही, पण सूर कळला. त्या दिवसापासून मी तिची दीदी झाले.

मग घरी एकेक हुजूर यायला लागले. एक राजा नळाच्या रांगेत हंडा घेऊन उभा. एका राणीची पालखी ई-रिक्षाला मागून बांधलेली. एका चित्रात तर सिंहासनावर आपला रस्त्यावरचा सांड बसलाय, आणि राजा खाली उभा राहून त्याला विचारतोय, "थोड़ा सरकेंगे?" हरिशंकरपुरममधलं आमचं घर बेताचं. बैठकीच्या खोलीत एकच भिंत मोकळी, ती मी भरत गेले.

आणि त्या भिंतीसमोर अण्णांची खुर्ची.

अण्णा म्हणजे माझे वडील. नव्वदीला टेकलेत, कान-डोळे ठणठणीत, आणि जीभ तर त्याहून. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझ्यावर ओरडायचा मक्ता त्यांच्याकडेच राहिला. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, संस्थानाच्या दफ्तरात कारकून. दरबारात अगदी शेवटच्या रांगेत उभे राहायचा त्यांना मान होता. शेवटची रांग हे मी म्हणते. अण्णा सांगतात तेव्हा आजोबा राजाच्या खांद्याला खांदा लावून उभे असतात. अण्णा "सरकार" म्हणाले की ते वीज-पाण्याचं सरकार समजायचं नाही. त्यांचं सरकार पगडी घालतं.

लहानपणी इतर घरांत पाहुण्यांसमोर पोरांना कविता म्हणायला लावत. आमच्याकडे मला आणि धाकट्या भावाला मुजरा करून दाखवायला लावत. कमरेत वाकायचं, उजवा हात पार जमिनीपाशी न्यायचा, तिथून कपाळापर्यंत उचलायचा, आणि असं तीनदा. पाठ वाकली पाहिजे पण मान पडायला नको. चुकलं की अण्णा म्हणायचे, "हे काय, मेथी निवडून राहिली आहेस का?" आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत आम्ही असंच सगळं करून राहतो. भावाची पुण्याची बायको लग्नानंतर पहिलं वर्षभर त्यावर हसत होती.

तर अण्णांनी हेल्मेटवाला राजा सोसला. हंडेवाला सोसला. रोज चहा पिताना फक्त म्हणायचे, "ह्या मिशा ओळखीच्या वाटतात." मी म्हणायचे, "अण्णा, मिशा सगळ्या सारख्याच असतात." पण सांड आला आणि त्यांचा बांध फुटला.

"ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या सिंहासनावर बैल बसवतेस?"

"मीठ आजोबांनी खाल्लं. मी तर दुकानातून आणते."

"जीभ बघ, जीभ! एक तर ह्या घरात तुझी ती भुतं राहतील, नाही तर मी राहीन."

आता इथे शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण मी कुणाची मुलगी? मी म्हटलं, "बघा बुवा, भुतं तर भिंतीला पक्की ठोकली आहेत."

अण्णांनी माझ्यासमोर भावाला फोन लावला आणि सांगितलं, येऊन मला पुण्याला घेऊन जा. भाऊ कधीपासून मागे लागला होताच. तिथे लिफ्ट आहे, दवाखाना खाली आहे, नातवंडं आहेत, सगळं सगळं आहे. त्यानं लगेच तिकिटं काढली. येताना एकाचं, जाताना दोघांची.

मला वाटलं, दोन दिवसांत राग उतरेल. उतरला नाही. त्यांनी ट्रंक काढली, स्वेटर उन्हात घातले, आणि माझ्याशी बोलणं टाकलं. बोलायचं तर हवेशी बोलायचे, "चहा झाला असेल तर कुणीतरी सांगावं." मी पण हवेला सांगायचे, "झालाय." असं आमचं चाललं. पण खरं सांगते, स्वयंपाकघरात एकटी असले की एकच मनात यायचं. सकाळी उठल्याबरोबर कुणी मीठ कमी म्हणणार नाही, पेपर नीट घडी घाल म्हणणार नाही, कुठे गेली होतीस विचारणार नाही. त्या म्हाताऱ्याशिवाय मला ह्या घरात राहायचं नव्हतं. आणि तसं तोंडानं म्हणायला जीभ वळत नव्हती. चित्रं भिंतीवरून उतरवली असती तर ते राहिले असते, हेही कळत होतं. पण तेही हातून होईना. हट्ट हा आमच्याकडचा खरा वतनाचा माल आहे, दोघांनाही सारखा वाटून आलेला.

अशात एका सकाळी मी अंघोळीला गेले असताना माझा फोन वाजला आणि अण्णांनी उचलला. बाहेर येते तो काय, अण्णा चक्क माझ्याकडे बघून हसतायत.

"तुझ्या त्या छापखान्यातल्या मुलीचा फोन होता. मुजरा तयार आहे म्हणाली. हुजुरांचा मुजरा." आणि मग जरा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मला बोलली असतीस तर मी इतकं ताणलं नसतं गं."

मी ओल्या केसांनी तशीच उभी. गोष्ट अशी होती, की चित्राचं नाव होतं "आज मुजरा हुज़ूर का". आणि हिंदीत मुजरा म्हणजे नाच. कोठ्यावरचा. घुंगरं बांधून, ठुमकत. मराठीत आपण वाकून हात कपाळाला लावतो तो मुजरा, आणि हिंदीत बाई नाचते तो मुजरा. शब्द एकच, मध्ये फक्त एक भाषा. ह्या गावात मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या हिंदीत राहतात, पण हा एक शब्द आम्ही बाहेर कधी काढतच नाही. चित्राचा कच्चा आराखडा मी आधी पाहिला होता. त्यात राजा संपूर्ण दरबारी पोशाखात, पायांत घुंगरं, एक हात कपाळाशी, एक कमरेवर. आणि गाद्या-लोडांना टेकून त्याचा नाच बघतायत भाजीवाली, टेम्पोवाला, झाडूवाली आणि एक दूधवाला.

अण्णांनी मात्र मराठीतला मुजरा ऐकला, आणि त्यांना वाटलं, आपली लेक वरमली. राजाला वाकून केलेल्या मुजऱ्याचं चित्र करून घेतलं. मी तोंड उघडणार, तोवर त्यांनी पुण्याला फोन लावला. "येऊ नकोस. ताईनं मुजऱ्याचं चित्र आणवलंय. आता मी कशाला जाऊ?" भाऊ म्हणाला, तिकीट काढलंय तर भेटून तरी जातो, तुमचं तिकीट राहू दे तसंच. अण्णांनी ट्रंकेतून फक्त काळा कोट आणि टोपी बाहेर काढली, चित्र येईल त्या दिवशी घालायला. आणि दुपारी मला, हवेला नव्हे, मला विचारलं, "भाजी कुठली करतेस?"

काय सांगू? ते राहणार होते. मी खरं काय ते सांगितलंच नाही, नुसतं म्हटलं, "दोडका."

दुसऱ्या दिवशी पडावचा छापखाना गाठला. म्हटलं, बाई, जरा अडचण झाली आहे, मला तो दुसरा, सीधावाला मुजरा छापून दे. ती म्हणाली, "सीधावाला मतलब?" मी समजावलं. आमच्या मराठीत मुजरा म्हणजे असं असं, आमचे आजोबा दसऱ्याला दरबारात जाऊन मुजरा करायचे...

पुढचं ऐकायला ती भानावर नव्हती. आधी डोळे मोठे झाले, मग तोंडावर हात, मग ती टेबलाला धरून खाली बसली. "दीदी! आपके दादाजी महल में मुजरा करते थे?" मुलीच्या पत्रिका छापायला आलेले एक गृहस्थ होते, ते पण हसायला लागले. "घुंगरू अपने लाते थे कि वहाँ से मिलते थे?"

आणि माझं डोकं सटकलं. अहो, मी! जिनं राजाला सांडापुढे उभं केलं, ती मी! म्हटलं, "उठ. उठ आधी, आणि बघ." पर्स टेबलावर टाकली, पदर खोचला, आणि त्या छापखान्यात, शाईच्या डब्यांमध्ये, मी मुजरा केला. हात जमिनीपाशी, तिथून कपाळाला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा उठताना गुडघा कटकन वाजला, पण मान पडू दिली नाही.

गृहस्थांचं हसू थांबलं. पोरगी टेबल सोडून उठली. मग हळूच म्हणाली, "सॉरी, दीदी." मी म्हटलं, आता छापशील? तर ती मान हलवून म्हणाली, "नहीं. यह वाला तो लोग सदियों से कर ही रहे हैं. मैं इसका उल्टा बनाती हूँ. आप इसीलिए तो आती हैं." पोरीनं माझीच काठी माझ्या पाठीत घातली. तिनं नाचणारा राजा गुंडाळून हातात दिला आणि मी सवारीच्या टेम्पोत बसले.

टेम्पोत मी स्वतःशी भांडत होते. सांगू या, चित्र बिघडलं. सांगू या, शाई सांडली. आठवडा निघेल, भाऊ परत जाईल, अण्णा इथेच राहतील. पण मग उद्यापासून मी त्यांच्यासमोर काय करणार? त्यांना आवडेल तेच बोलायचं, त्यांच्या तोंडाकडे बघत चहा द्यायचा, खरं ते फडताळात लपवायचं. म्हणजे भिंतीवर राजांची टिंगल आणि घरात मी दरबारी! हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. जायचे असतील तर खरं बघून जाऊ देत. असं मी ठरवलं आणि मग टेम्पोतच मला रडू आलं. शेजारच्या बाईनं न विचारता पेरूची फोड दिली.

भाऊ सकाळच्या गाडीनं आला. अण्णा कोट-टोपी घालून खुर्चीत बसलेले. मी म्हटलं, "अण्णा, आधी ऐका. हा तुमचा मुजरा नाही. हा हिंदीतला आहे." आणि त्यांना समजायच्या आत चित्र उलगडून दोन्ही हातांनी धरलं.

भाऊ फसकन हसला, माझं तोंड बघितलं, आणि खोकल्याचं नाटक करायला लागला. अण्णा हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. त्यांनी पगडी बघितली, मिशा बघितल्या, मग नजर खाली घुंगरांवर आली आणि तिथेच थांबली. मग ते उठले आणि आत गेले. ट्रंकेची कडी वाजली. मला वाटलं, संपलं. भाऊ कुजबुजला, "ताई, तू पण ना. एक आठवडा थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" माझे हात दुखत होते, पण चित्र खाली ठेवायचं सुचत नव्हतं.

अण्णा बाहेर आले ते वाचायचा चष्मा घेऊन. खुर्ची चित्राजवळ ओढली, वाकून घुंगरांवर बोट ठेवलं.

"कोण आहे ही मुलगी? आपल्यातली?"

"नाही हो. इकडचीच आहे, हिंदीभाषक. मराठीचं अक्षर येत नाही तिला."

"मग तिला कसं कळलं?"

"काय कळलं, अण्णा?"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "दसऱ्याला बाबा दरबारातून घरी यायचे," ते म्हणाले. "मी दारात वाट बघत बसायचो. केवढे रुबाबदार दिसायचे! पगडी, शेला, सगळं. ते यायचे, ओट्यावर बसायचे, पाय लांब सोडायचे आणि आईला हाक मारायचे, 'अगं, ये, घुंगरं सोड. आजचा नाच झाला.' दर वर्षी. आई म्हणायची, हळू, कुणी ऐकेल. आणि मग तीही पदर तोंडावर धरून हसायची. दोघं मिळून हसायची."

आमच्याकडे आजोबांचं हसणं कधी आलंच नव्हतं. आले ते नुसते उभे असलेले आजोबा.

"मला राग यायचा," अण्णा म्हणाले. "लहान होतो ना. वाटायचं, ह्या माणसाला मानाची किंमत नाही. एकदा तर मी रडलो, म्हटलं, बाबा, असं बोलू नका, तुम्ही नाचत नाही, तुम्ही मुजरा करता. तर मला मांडीवर घेऊन म्हणाले, 'बाळा, हिंदीत दोन्ही एकच.'" त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "तुम्हाला सांगताना मी तेवढं गाळलं. तुमच्या आईलाही नाही सांगितलं. पगडी सांगितली, रांग सांगितली, आणि बाबांना गाळलं."

भावानं घड्याळ बघितलं, कारण परतीची गाडी दुपारचीच होती. तो म्हणाला, "अण्णा, मग काय ठरवायचं? निघायचं ना?"

अण्णा त्याच्याकडे वळले, तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं.

"वेडा झालास का? इतक्या वर्षांनी बाबा दरबारातून घरी आलेत, आणि मी पुण्याला जाऊ?"